मास्तरणीची माणसं

"जातलंस तू. पण रवतलंस काय?"

आमच्या चर्चमधल्या कुठल्याही मुलाने वा मुलीने 'मला मिशनच्या कामाला जायचंय' म्हटलं, की मास्तरीण चष्मा कपाळावर चढवायची आणि हा प्रश्न टाकायची. जाणं काय, एसटीत बसलं की माणूस जातोच. तिथे राहणारा पाहिजे, असं तिचं म्हणणं. आठ दिवसांच्या शिबिराला जाऊन, तिथल्या पोरांबरोबर मोबाईलवर फोटो काढून परतणाऱ्यांना ती 'पावणे' म्हणायची. "पावण्यांका चाय देवक लागता. त्या गरिबांचा दूध कित्याक संपवतास?"

शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली ही बाई. लग्न केलं नव्हतं. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पडवीत तरुणांना घेऊन बसायची. शास्त्रातले दाखले थोडे, कानउघाडणी जास्त. "थंय गेल्यार पयलो शब्द देवाचो नको. 'जेवलास?' ह्यां तेंच्या भाषेत शीक. देव मागसून येता, तेका घाई नाय."

आणि तिची पोरं खरंच राहायची. कुणी झारखंडच्या जंगलात शाळा चालवतो, कुणी कुष्ठरोग्यांच्या जखमा धुते. नाताळला त्यांचे फोन आले की मास्तरीण स्पीकर लावून कुठल्या कुठल्या भाषांत 'जेवलास?' विचारत बसायची. आम्ही करंज्या तळत ऐकायचो.

तुम्ही म्हणाल, एवढी गुणाची बाई, मग ती सांगणाऱ्या या म्हातारीचा सूर असा वाकडा का? तर मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. या वयात नवी सवय लावून घेण्यापेक्षा जुनीच बरी.

अठरा वर्षांची असताना मीही मिशनला निघाले होते. तयारी जय्यत. न्हाणीघरातला टॉवेल डोक्याला गुंडाळून, डोळे अर्धे मिटून, आरशासमोर मठातली सिस्टर झाल्याची तालीम करायचे. दिसायचे झकास, फक्त टॉवेलला खोबरेलाचा वास यायचा. मास्तरीण तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागलेली. तिने मला तो प्रश्न विचारला. मी विचार करून, अगदी भक्तिभावाने म्हटलं, "नाताळाक घरी येवक मेळतला मां?"

ती हसली नाही, हेच वाईट. "तू लगीन कर गो बाय," म्हणाली.

केलं. सहा महिन्यांत. आणि ज्याला त्याला सांगत सुटले की मास्तरणीने मला अडवलं, नाहीतर मी आज आसामात असते.

पुढे माझी नात नर्सिंग शिकली. तिचे आईबाप मुंबईला, पोर वाढवली मी. डोंगरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात कायमचं जायचं तिने ठरवलं आणि ते आधी मास्तरणीला सांगितलं, मग मला. माझ्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं खाऊन ही 'बरा झालाहा' म्हणणार, आणि मास्तरणीकडची करपलेली भाकरी खाऊन तिथली गोडी मला सांगणार. मी तडक मास्तरणीच्या घरी गेले.

"माझा चेडू कित्याक पळवतंस?"

"पळवूक नाय. इचारलंय."

"तू सवता खंय गेलंस गो? जन्म त्या पडवीत गेलो तुझो."

सुईत दोरा ओवत होती, ती थांबली. "माका कोणी इचारूकच नाय. आये आजारी, भाव ल्हान. सगळ्यांनी धरून चाललां, ह्यां जावचा नाय. इचारला असता तर गेलंय असतंय."

"मगे माका तरी इचारूचा."

"तुका इचारलंय मा. तू नाताळाची सुट्टी इचारलंस."

चहा घेतला आणि आले. चहा पांचट होता, हे मात्र घरी आल्याबरोबर नातीला सांगितलं.

नात निघाली त्या सकाळी मास्तरीणही आमच्या दारात हजर. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातंय' म्हणत नाही. जवळच्या बाजारात गेलं तरी 'येतंय' म्हणायचं. नात उंबऱ्यावर वाकली आणि म्हणाली, "आजी, जातंय."

"येतंय म्हण गो."

तिने पिशवी खांद्याला लावली. मास्तरणीचीच शिकवण ती: 'येतंय' म्हणणाऱ्याचा एक पाय घरात राहतो. मी पदर तोंडाला लावला. तेव्हा मागून मास्तरीण हळू म्हणाली, "म्हण गो. आजीसाठी म्हण."

"येतंय, आजी," नात म्हणाली.

झालं. मला हवा होता तो शब्दसुद्धा तिच्या हुकमाने मिळाला. नात डोळ्याआड होईपर्यंत मी मास्तरणीकडे बघितलं नाही.

गेल्या वर्षी मास्तरीण गेली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. मी नातीला फोन केला. ती खूप रडली. मग म्हणाली, "आजी, मी येव काय?"

नात डोंगरात गेल्यापासून मी याच प्रश्नाची वाट बघत होते. तोंडात 'ये' आलंच होतं.

"थंय कोण आसा?" मी विचारलं.

"दोन बाळंतिणी आसत. डॉक्टर तालुक्याक गेलोहा."

"मगे तेंका बघ. हंयचा मी बघतंय."

मयताला गाव आलं, शिवणाच्या वर्गातल्या बायका आल्या. तिने पाठवलेल्यांसाठी फादरनी पुढचे बाक राखून ठेवले होते. मिस्सा सुरू झाली तरी बाक रिकामेच. कुणी शाळा सोडून निघालं नव्हतं, कुणी रोगी सोडून. माझ्या मागची बाई कुजबुजली, "इतकी माणसां धाडली, एक येवक नाय." मी वळून तिच्याकडे असं बघितलं की पुढचं तिने गिळलं.

माझ्या वेळी मुंबईहून गाड्या भरून येतील. चर्चमध्ये बसायला जागा मिळायची नाही, जेवणावळीचा बेत काय यावर सुना भांडतील. फक्त नातीची जागा रिकामी राहो, एवढंच मी हल्ली देवाकडे मागते.