आयसीयूतली काठी

"चार वाजेपर्यंत व्हेंटिलेटर मोकळा पाहिजे," सर्जरीचे सर म्हणाले. "छाती चेपलेला एक कामगार ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. कारखान्यात प्रेसखाली आला."

दुपारचे बारा वाजले होते. विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं. माझ्यानंतरचा ड्यूटी डॉक्टर क्रांती चौकातल्या मोर्चात अडकला होता. माझंही मन तिथंच होतं.

आमच्याकडं व्हेंटिलेटर एकच. त्यावर सोयगावकडचे खंडूबाबा. वय सत्तर, जन्मभर मेंढरं राखलेली. अल्सर फुटल्यामुळं झालेल्या ऑपरेशनचा पाचवा दिवस.

पेशंटला मशीनवरून उतरवणं म्हणजे वीनिंग. मशीन काढायचं, घशातली नळी ठेवायची, तिला ऑक्सिजनचा टी-पीस, म्हणजे टी आकाराची नळी, जोडायचा आणि माणूस आपला आपण श्वास घेतो का ते बघायचं. मिनिटाला पस्तीसच्या वर श्वास गेले की नापास. बाबा दोनदा नापास झाले होते.

तिसऱ्यांदा टी-पीस लावला. सहाव्या मिनिटाला अडतीस. बाबा घामानं निथळले. मी मशीन परत जोडलं.

"उतरवता येत नाही, सर."

"म्हातारा सत्तरीचा, तो तिशीचा. पुढचं तूच समज."

"हे मी समजणार नाही, सर."

बाबांची बायको गऊबाई दाराशी बसून होती. बाबांना धीर द्यायला तिला आत बोलावलं. तिची नजर आधी बाबांच्या हातांवर गेली. नळी ओढू नये म्हणून आम्ही सगळ्यांचेच हात कठड्याला बांधत असू.

"आवं डाक्टर, ह्यांनी चोरी केली व्हय? हर्सूलच्या जेलात बी असं बांधत नसतील!"

"नळी ओढतील, मावशी."

"नाय ओढत. मी सांगते की. अन् असं उताणं पाडून दम कुठून यील? माळावर दम लागला की काठीवर हनुवटी टेकून उभं ऱ्हातेत. तवाच लागतो जीव थाऱ्याला."

माणसाच्या सन्मानाच्या घोषणा देणारा मी, रोज सकाळी याच पट्ट्यांच्या गाठी तपासत होतो.

पट्ट्या सोडल्या.

"नळी निघाली तर?" सर ओरडले.

"रिपोर्टवर माझं नाव लिहा."

दोन वाजेपर्यंत बाबांना मशीनवर विसावा दिला. मग शमीम सिस्टर आणि मी मिळून त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, टाक्यांवर उशी धरली. गऊबाईनं दाराबाहेरून बाबांची काठी आणली, सिस्टरनी ती स्पिरिटनं पुसून त्यांच्या हातात दिली. नळीमुळं हनुवटी टेकेना. बाबांनी कपाळ टेकलं. टी-पीस लावला.

"नळीला हात लावाल तर समदी मेंढरं विकीन, बघा," गऊबाईनं बजावलं.

दहाव्या मिनिटाला बत्तीस. अर्ध्या तासानं अठ्ठावीस. सर नाडी धरून उभे होते. तासाभरानंही अठ्ठावीसच.

साडेतीनला नळी काढली. बाबा खोकले. घोगऱ्या आवाजात पहिला शब्द आला, "मेंढरं?"

"हायेत," गऊबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली.

चारच्या आत मशीन कामगाराला लागलं. तो वाचला. पुढच्या आठवड्यात सरांनी नियम केला, टी-पीसआधी पेशंटचे हात सोडायचे आणि त्याला बसवायचं. नियमाखाली सही सरांची. गऊबाईचं नाव कुठंच नव्हतं.

मी एवढंच शिकलो. दम का पुरत नाही हे बघताना फुप्फुसाआधी गाठ बघावी. बहुतेक वेळा ती आपणच मारलेली असते.