आत-बाशीच्या थंडीत उतरलेलं मीटर

बुरुलचा नावाची किर्गिझ बाई विजेचं काम दोनदा शिकली. पहिल्यांदा बिश्केकच्या तंत्रनिकेतनात, आणि दुसऱ्यांदा चाळिशी उलटल्यावर कारा-बाल्ताच्या कारखान्यात. मधली सगळी वर्षं दोर्दोय बाजारात मोजे-टोप्या विकण्यात गेली. ती शिकून बाहेर पडली तेव्हा देशातले कारखाने एकामागून एक कुलपं घालून बसले होते, काय करणार!

तंत्रनिकेतनात तिच्यापुढे दोन वर्षं असलेल्या कुबातनं कारा-बाल्तात वीजमीटरचा छोटा कारखाना काढला आणि तो थेट तिच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला.

"टेस्टर कसा धरतात, आठवतंय का गं?"

"कुबातदादा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून खिशाचं व्होल्टेज सांगते मी. टेस्टर काय घेऊन बसलात!"

दुसऱ्याच आठवड्यात तिनं दुकान बहिणीच्या हवाली केलं.

हे मीटर नुसतं युनिट मोजणारं नव्हतं. हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटतं, वीज कमी पडते आणि नेमके तेव्हाच घरोघर हीटर लागतात. मग गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर लोड येऊन ती जळते आणि अख्खं गाव अंधारात बसतं. नवं मीटर डीपीवरचा भार ओळखायचं आणि आधी घराघरात लाल दिवा लावून इशारा द्यायचं. तरी कोणी ऐकलं नाही, तर फक्त मोठे हीटर आळीपाळीनं बंद करायचं. अशी मीटरं देशात येत होती ती सगळी बाहेरून. कुबातचं म्हणणं होतं, इथंच बनवू आणि पुढं शेजारच्या देशांनाही विकू.

पहिली मीटरं लागली ती आत-बाशीच्या खोऱ्यात, बुरुलचाच्या माहेरच्या गावी. जानेवारीची थंडी पडली आणि सगळ्यांचे स्क्रीन काळे पडले. गावातून आत्याचा, उमसुनायचा फोन आला.

"बुरुल, तुझं मीटर वारलं गं. मर्तिकाला येतेस, की आम्हीच उरकून घेऊ?"

कारखान्यात सगळ्यांची तोंडं उतरली. कोणीतरी म्हणालं, डोंगरातला नाद सोडू, सखल भागातच विकू. बुरुलचा उसळली.

"आपल्याकडं थंडी सोडून आहे काय? आणि शेजारी विकायचं म्हणता, तर पामीरच्या पठारावर काय खरबुजं पिकतात? तिथं याहून कडाका असतो. आत-बाशीत टिकलं तरच हे मीटर!"

ती सामान बांधून आत्याकडं जाऊन राहिली. ओसरीच्या खांबावर वेगवेगळ्या स्क्रीनची मीटरं टांगली. रोज सकाळी, गाईगुरं चरायला निघायच्या आधी, ती त्यांच्यासमोर उभी राहायची आणि कोण जगलं, कोण मेलं हे कारखान्यात फोनवर सांगायची. तिकडं कुबात आणि जोडणी विभागातल्या पोरी सर्किट पुन्हा पुन्हा मांडून पाहायच्या. शेवटी मीटरमधला जो भाग चालताना जरासा तापतो, तो त्यांनी स्क्रीनच्या पाठीशी आणून बसवला. मीटर स्वतःच्याच उबेवर तग धरू लागलं. त्या वर्षीची सगळ्यात कडक सकाळ उजाडली तेव्हा खांबावरचे आकडे लख्ख दिसत होते. बुरुलचानं हातमोजा काढून काचेवर बोट टेकवलं आणि आत्याला हाक मारली.

"दिसतंय बाई," उमसुनाय म्हणाली. "पण माझा हीटर कधी लावायचा, हे आता भिंतीवरची पेटी सांगणार होय?"

हा दुसरा घाट अवघड होता. बुरुलचानं कोणाशी वाद घातला नाही. घरोघरी बसून चहा प्याली, सुनांशी बोलली, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. हळूहळू गावानं विजेवरची वाफेची न्हाणीघरं तापवायच्या पाळ्या लावून घेतल्या.

पुढच्या हिवाळ्यात ताजिकिस्तानातून खरेदीसाठी शोदमोन नावाचे इंजिनियर आले. बऱ्याच कंपन्यांची मीटरं त्यांनी पाहिली होती. कुबात त्यांना कारखाना दाखवायला निघाला, तर बुरुलचा म्हणाली, "कारखाना मागाहून. आधी गाव दाखवू."

गावात नेमकं उमसुनायच्या शेजारच्या घरी लग्न. खोल्याखोल्यांतून पाहुणे, सगळीकडं हीटर, विजेच्या किटल्या. शोदमोन तिथंच जेवायला बसले न बसले तोच भिंतीवरचा दिवा लाल झाला. बुरुलचा उठणार एवढ्यात उमसुनाय हातात पळी घेऊन दारात उभी.

"पाहुण्यांच्या खोलीतला एक हीटर बंद करा! दाटीवाटीनं बसा, लग्नात ऊब कमी पडते होय? आणि किटल्या काढा गं, चहाला अंगणात लाकडांवरचा समोवार पेटवा!"

पोरी हसत पळाल्या. पलीकडच्या दोन घरांनीही हीटर काढले. दिवा हिरवा झाला आणि थांबलेलं गाणं पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं दिवेलागणीला नदीपलीकडचं गाव गपकन विझलं. तिथं जुनीच मीटरं होती, डीपी गेली होती. शोदमोननी खिडकीशी जाऊन ते पाहिलं. मग उमसुनायकडं वळून, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं, मोडक्या किर्गिझमध्ये म्हणाले, "एजे, ही पेटी तुम्हाला त्रास नाही देत?"

"देते की! सुनेपेक्षा जास्त टोकते. पण सुनेसारखी रुसून माहेरी जात नाही." पाहुण्यांत खसखस पिकली. उमसुनायनं पळीनंच बुरुलचाकडं दाखवलं. "आमच्या भाचीनं आणि तिच्या माणसांनी केलीय. बाहेरून नाही आली."

बुरुलचा ताटातलं मांस उगाच चिवडत राहिली. मान वर केली असती तर भरून आलेले डोळे दिसले असते.

ताजिकिस्तानातल्या प्रयोगशाळेत तपासण्या झाल्या, त्यात महिने गेले. उन्हाळ्यात मागणी आली. पहिला ट्रक भरला त्या दिवशी कारखान्यातल्या बायकांनी पोती भरून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले. मीटर लावायला शिकवायला म्हणून बुरुलचा ट्रकबरोबर निघाली.

सीमेवरच्या किझिल-आर्त खिंडीच्या अलीकडं किर्गिझ चौकीवरच्या जवानानं ट्रक अडवला.

"काय माल? चीनचा का?"

"मीटरं. कारा-बाल्ताची."

त्यानं एक खोकं उघडून 'किर्गिझस्तानात बनवलेलं' ही अक्षरं वाचली, आणि आत ओरडला, "अरे, बाहेर ये! आपलं काहीतरी तिकडं चाललंय!" आतला गडी चहाचा वाडगा हातात घेऊनच धावत आला. दोघांनी मिळून खोकं नीट बंद केलं, वर दोरीही आवळून दिली.

पामीरच्या पठारावरच्या मुर्गाबला वाऱ्यानं माणूस उडावा अशी हवा. पहिलं मीटर शाळेच्या भिंतीवर बुरुलचानं लावलं. तिथली वायरमन गुलबाख्त शेजारी उभी राहून एकेक वायर बघत होती. दुसऱ्या घराशी बुरुलचा पाना घेऊन पुढं झाली, तर गुलबाख्तनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"एजे, तुम्ही सरका. इथं राहणार मी आहे, मला लावू द्या."

बुरुलचा सरकली. हात कोटाच्या खिशात घालून वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली. गुलबाख्तनं शेवटचा स्क्रू आवळला, बटण दाबलं, आणि आकडे उजळले तशी दोघी एकदमच ओरडल्या.