बरं व्हायचं ते कशासाठी?

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले आणि मी लगेच खुर्चीतून उठायलाच लागलो.

"बसा, बसा. कॅन्सर नाही, पण टीबी आहे. मणक्याचा."

मी चक्क हसलो. टीबी म्हणजे खोकला, टीबी म्हणजे छाती, एवढंच मला माहीत होतं. मला साधी सर्दीही नव्हती. सहा महिने पाठ दुखत होती, संध्याकाळी अंगात कणकण यायची आणि पँट ढिल्या झाल्या होत्या. सातपूरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. मशिनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते तपासायचं काम. दिवसभर उभं राहायचं, म्हणजे पाठ दुखणारच, असं मी आणि माझी बायको मंदा धरून चाललो होतो. बाम झाला, शेक झाला, मालिश झालं. तुमच्यापैकी कुणाची पाठ अशीच दुखत असेल आणि संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर आधी मालिश थांबवा आणि एक्स-रे काढा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो.

या आजाराला 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. टीबीचे जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसतात आणि हाड आतून पोखरतात. आधी सीटी स्कॅन झाला होता, मग 'बायोप्सी', म्हणजे पाठीत सुई घालून तिथला तुकडा तपासायला पाठवणं. छातीचा टीबी नसल्यामुळे घरच्यांना लागण होण्याची भीती नव्हती. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. किमान वर्षभर रोज गोळ्या, आणि पहिले काही महिने सपाट पलंगावर आडवं पडून राहायचं. जेवण, अंघोळ, सगळं पलंगावर.

"किती महिने?" मी विचारलं.

"हाड सांगेल," ते म्हणाले.

गोळ्यांनी लघवी लालसर होईल, घाबरू नका, हेही त्यांनी मंदाला समजावून सांगितलं.

मला बसून राहायची सवय नव्हती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी नळाचा वायसर बदल, सायकल खोल, असं काहीतरी करत असायचो. आता पाठीखाली फळी, तिच्यावर पातळ गादी आणि डोळ्यांसमोर पंखा. पंख्याचं एक पातं किंचित वाकलेलं होतं. ते सरळ करायला माझे हात शिवशिवायचे आणि मला मानसुद्धा उचलायची परवानगी नव्हती. त्याच खोलीत मंदाचं शिलाई मशिन होतं. शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची. मशिन सुरू झालं की मला चीड यायची, बंद पडलं की जास्त चीड यायची.

दीड महिन्यानं कारखान्यातले शिंदे भेटायला आले. माझ्या हाताखाली शिकलेले, मनानं चांगले. फळं ठेवली, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमचं काम एकदम व्यवस्थित चाललंय. एक पीस रिजेक्ट नाही."

त्यांनी ते मला धीर द्यायलाच सांगितलं होतं. पण ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. सतरा वर्षं मला वाटत होतं, मी नसलो तर तिथलं गाडं अडेल. कसलं अडतंय! मग मी कशासाठी होतो? आणि आता बरं व्हायचं ते कशासाठी?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि निघेना. नातेवाईक यायचे, अध्यात्माची पुस्तकं उशाशी ठेवून जायचे. एक मावसभाऊ म्हणाला, "देवानं विचार करायला वेळ दिलाय तुला, यामागे काहीतरी हेतू असेल." मला वाटलं, हेतू असेल तर मला आडवं न पाडताही सांगता आला असता. पुस्तकं उघडायचो, दोन पानांवर मिटायचो.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. पण त्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

तिसऱ्या महिन्यात मी गोळ्या बंद केल्या. सकाळी मूठभर गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत मळमळायचं. मंदा पाणी देऊन वळली की मी त्या तोंडातून काढून गादीच्या शिवणीत सरकवायचो. पहिल्या दिवशी एकच चुकवली. मग सगळ्याच. जवळजवळ तीन आठवडे. मळमळ थांबली, भूक लागली. मंदा खूश झाली. एकदा लघवीचं भांडं नेताना म्हणाली, "बघा, आता लाल होत नाही. अंगातली उष्णता उतरली वाटतं." मी डोळे मिटून घेतले.

एका सकाळी माझे पाय गार लागले म्हणून तिनं गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली. थोड्या वेळानं ती उचलायला आली आणि ओरडलीच. माझ्या डाव्या पावलावर रुपयाएवढा फोड आला होता. मला काहीच कळलं नव्हतं.

डॉक्टर त्याच दुपारी घरी आले. तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, अंगठा वर-खाली करून विचारलं, "आता वर आहे की खाली?" मला सांगता येईना. मणक्यातली सूज मज्जारज्जूवर, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरीवर, दाबायला लागली होती.

"गोळ्या नियमित आहेत ना?"

"मी स्वतः देते, डॉक्टर," मंदा म्हणाली. "एक दिवस चुकलेला नाही."

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "गादी उचला."

डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "या आजारानं तुम्ही मरणार नव्हतात. पण गोळ्या सोडल्यात तर तो तुमचे पाय घेऊन जाईल. तीन आठवडे वाट पाहू. फरक पडला नाही तर ऑपरेशन."

ते गेल्यावर मंदा बराच वेळ त्या ओल्या, फुगलेल्या गोळ्या वर्तमानपत्रावर गोळा करत होती. मग म्हणाली, "नको वाटत होतं तर मला सांगायचं होतं. मी रोज तुमचं भांडं उचलते, ते काय तुम्ही कारखान्यात मापं काढता म्हणून?"



गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता मी तोंड उघडून तिला दाखवायचो. ते तीन आठवडे कसे गेले ते मलाच ठाऊक. रोज सकाळी ती माझा अंगठा धरून विचारायची, "वर की खाली?" मी अंदाजानं सांगायचो, ती काहीच बोलायची नाही, यावरून कळायचं की चुकलं. सतराव्या दिवशी मी म्हणालो, "खाली." तिनं परत हलवला. "वर." ती पायाशी तशीच बसून रडायला लागली.

ऑपरेशन टळलं. आठव्या महिन्यात पाठीला पट्ट्यांचा ब्रेस बांधून मी चालायला लागलो. दर शनिवारी दवाखान्यात तपासणीला जायचो. तिथल्या बाकावर एकदा डॉक्टरांनी मला एका माणसाशेजारी बसवलं. "यांना तुमची गादीची गोष्ट सांगा," म्हणाले.

तो पुनाजी. सुरगाण्याकडचा, दिंडोरीजवळ द्राक्षबागेत छाटणीच्या कामाला आलेला. त्याला छातीचा टीबी होता. मी सगळं सांगितलं, फोडासकट. पुढचे तीन शनिवार तो आला, चौथ्या आणि पाचव्याला नाही.

मला घरी चैन पडेना. मंदा म्हणाली, "तुम्ही काय डॉक्टर आहात?" मग माझा चेहरा बघून, "एकटे नाही जायचं. त्या एस्टीत पाठीचा चुरा होईल. मी येते."

गेलो. बसनं वाटेत तीन ठिकाणी पाठ बदडून काढली. बाग सापडायला दुपार झाली. पुनाजी वेलींखाली वाकून काम करत होता. मला बघून त्यानं कात्री खाली ठेवली.

"गोळ्या?" मी विचारलं.

"बरं वाटाया लागलं, मंग सोडल्या," तो म्हणाला. "खाडा पडतो ना शनवारी, मजुरी बुडती."

मी शर्ट वर करून त्याला ब्रेस दाखवला. म्हणालो, "मलाही बरंच वाटत होतं." बागेच्या मालकाशी मंदा बोलली. कसं बोलली कोण जाणे, पण शनिवारची अर्धी सुट्टी घेऊनच आली.

निघताना पुनाजीनं विचारलं, "माझ्यापायी एवढ्या लांब आले तुमी?"

मी नुसताच हो म्हणालो. परतीच्या वाटेवर पाठ ठणकत होती आणि तरी मला लागलीच पुढच्या शनिवारचे वेध लागले होते.

मी आज पूर्ण बरा आहे. कारखान्यात परतलो, पण ते माझ्याशिवाय चालतं हे आता बोचत नाही. आयुष्याचा अर्थ वगैरे मला सापडला, असं मी म्हणणार नाही. अस्वस्थ माणूस आहे, अस्वस्थच राहणार. डॉक्टरांचे आणि मंदाचे उपकार मात्र फिटणारे नाहीत.

बागेत जाऊन आल्यानंतरच्या त्या शनिवारी मी दवाखान्यात जरा लवकरच पोचलो. पुनाजी आधीच बाकावर होता. शेजारी त्याची बायको, तोंडावर पदर धरून.

"हिला महिना झाला, खोकतीया," तो म्हणाला. "मीच आणली. म्हटलं, तपासून घ्या."

मी सरकून तिला जागा करून दिली, आणि आम्ही तिघं नंबर लागायची वाट बघत बसलो.