यांची थुंकी पुन्हा घ्या

“यांची थुंकी पुन्हा घ्या.”

कुलमंडळाचे नाना हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातातला माइक चालू होता. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मागच्या दालनात पंगतीची पानं मांडणारे वाढपीही थबकले. मसालेभाताचा वास तेवढा सभागृहभर फिरत राहिला.

माझे वडील व्यासपीठावर उभे होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, त्याला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा मंद वास, नमस्कारासाठी अर्धवट उचललेले हात. त्यांच्यापुढे एक काकू शाल उलगडून उभ्या होत्या. काकूंनी नानांकडे पाहिलं. मग शाल आपल्याच घडीवर परत गेली. आधी उभी घडी, मग आडवी. इतकी नीट, की ती कधी उलगडलीच नव्हती असं वाटावं.

त्याच्या क्षणभर आधी टाळ्या वाजत होत्या.

आमचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ते ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, आमच्यात आहे, आणखीही कुणाकुणात आहे. लिहिलं, की तुम्हीही तेच विचाराल जे मला शाळेपासून विचारलं गेलं. “कुठल्या?” पुण्यात जात विचारत नाहीत. ते असभ्य समजलं जातं. इथे आवाज मऊ करून, चहाचा कप पुढे सरकवत विचारतात, “अच्छा, म्हणजे आपण कुठल्या?” उत्तरात गाव येतं, आणि गावाच्या मागोमाग बाकी सगळं येतं. दादांनी मला लहानपणीच उत्तर शिकवून ठेवलं होतं. “पुण्याच्याच, असं म्हणायचं. पुढे बोलायचं नाही.” दार लोटून घ्यावं, तसं ते उत्तर. कडी लावलेली नाही, पण उघडंही नाही. मी वर्षानुवर्षं ते दार आतून धरून उभी राहिले. हात भरून येतात. बाहेरच्याला ते दिसत नाही.

मी कविता शिकले. मराठीत एम. ए. केलं. पोटासाठी हिंजवडीच्या एका कंपनीत लागले. फोनच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द मराठीत आणायचे, हे माझं काम. ‘पुढे जा’. ‘रद्द करा’. ‘पुन्हा प्रयत्न करा’. काचेची इमारत, थंडगार हवा, कुणाच्याही अंगाला कसलाच वास नाही. इथे जातबीत काही नाही, असं तिथे सगळे सांगत. आणि पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या यंत्रापाशी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून एकीने विचारलं होतं, “कुठली गं तू?”

निनादने मात्र कधी विचारलं नाही. तो आमच्याच मजल्यावर होता. आडनाव आमचंच. अमेरिकेत काही वर्षं राहून परत आलेला.

“सरनेम प्रोजेक्ट करतोय,” तो म्हणाला. “सेम सरनेमवाले सगळे मुळात एका माणसाचे का, ते डीएनएवरून बघायचं. आमच्या नानाकाकांचं कुलमंडळ आहे ना, ते स्पॉन्सर करतंय. तू पण ये.”

“आमचं घर वेगळं आहे, निनाद.”

“सो व्हॉट? सायन्सला कास्ट कळत नाही.”

तो हे मनापासून म्हणत होता. मी थुंकी भरायची नळी मागितली. तो ओशाळून हसला.

“तुझी नाही चालणार गं. सरनेमची लाइन वाय क्रोमोसोमवरून जाते. बापाकडून मुलाकडे. मुलींमध्ये तो नसतोच. तुझ्या डॅडची लागेल.”

ज्या आडनावासाठी मी जन्मभर उत्तरं दिली, ते माझ्या शरीरात नव्हतंच म्हणे.

मला वाटलं होतं, दादा नाही म्हणतील. दादा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मोजकं बोलतात. त्यांनी एवढंच विचारलं, “त्यांनी आपल्याला बोलावलंय?”

“आडनाव असलेल्या सगळ्यांना बोलावलंय.”

“म्हणजे आपल्याला.”

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. जन्मभर लोक ज्या आडनावापाशी थबकून त्यांना खालीवर न्याहाळत आले, त्या आडनावाने त्यांना पहिल्यांदा कुठेतरी बोलावलं होतं. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

प्लास्टिकची नळी आली. तिच्यावर एक रेघ. तिथवर थुंकी भरायची. आधी काही खायचं-प्यायचं नाही. दादा सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, खुर्चीत ताठ बसले. नळी ओठांशी धरली. तोंड कोरडं. मधुमेहाच्या गोळ्यांनी त्यांचं तोंड नेहमीच कोरडं असतं.

“चिंच आठवा,” मी म्हटलं.

आई दाराशी मेथी निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, “जलमभर गिळत आलात की. आता थुका म्हनलं तर येतंय व्हय?”

दादा हसले. हसता हसता थुंकी आली. हळूहळू रेघेपर्यंत फेसाळ, पांढुरकं पाणी चढलं. मी झाकण लावलं. आईने ती नळी माझ्या हातून घेतली, उजेडात धरली, तिच्या तोंडाभोवती कसलासा शोध घेतला.

“काय बघतेस?”

“दोरी न्हाय दिली? गळ्यात अडकवायला?”

आमच्या माणसांना या शहराच्या पेठांतून गळ्यात मडकं बांधून चालावं लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकलेलं. आता त्याच पेठांतल्या माणसांनी ती थुंकी मागितली होती. जपून पाठवा म्हणाले होते. सांडू नका म्हणाले होते.

निकाल आला तेव्हा निनाद धावतच माझ्या टेबलाशी आला. “अगं, तुझे डॅड आणि नानाकाका! क्लोज मॅच! थोड्याच पिढ्यांमागे दोघांचा मूळ पुरुष एक!” मंडळातल्याच काही घरांचं मात्र एकमेकांशी जुळत नव्हतं. स्वतःला चुलत म्हणवणारी, एका पंगतीत जेवणारी घरं. “ते नानाकाका नंतर बघतो म्हणालेत,” निनादने आवाज खाली आणला. त्यांना कुणी पुन्हा थुंकायला सांगितलं नाही.

आणि म्हणून एका रविवारी दादा आणि मी नारायण पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात गेलो. आई आली नाही. “मला इहारात जायचंय,” म्हणाली. रविवारी ती विहार चुकवत नाही. दाराशी गुलाबपाणी, मोगऱ्याचे गजरे, रेशमी साड्यांची सळसळ. निनादने मोठ्या पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. त्या मागे मागे जात एका ठिपक्यात मिळाल्या. टाळ्या पडल्या. दादांना वर बोलावलं. नाना उठून उभे राहिले. उंच, गोरे, कानाशी पांढरे केस. त्यांनी खरोखरच दादांचा हात हातात घेतला.

“या, या. आपण तर आमचे बंधूच निघालात. कुलदैवत कोणतं आपलं?”

दादा खंडोबा म्हणू शकले असते. ते सहज खपलं असतं. शाल अंगावर पडली असती, नारळ हातात आला असता, आम्ही जेवून घरी गेलो असतो.

दादा माइककडे किंचित झुकले. “आमच्याकडे बुद्धवंदना असते,” ते म्हणाले.

नानांचा हात सुटला. झटकला नाही. सुटला. त्यांनी निनादकडे वळून सांगितलं, “नमुन्यांची अदलाबदल झालेली दिसते. यांची थुंकी पुन्हा घ्या.”

“काका, लॅबमध्ये तसं होत नाही…”

“होत नाही कसं? पुन्हा घ्या.”

पहिल्या रांगेतून एक वकीलकाका बसल्या जागेवरून म्हणाले, “अहो नाना, अदलाबदल कशाला? आपले पूर्वज जरा रसिक होते, एवढं कुलवृत्तान्तात लिहा की!”

हसू पसरलं. मोठं नव्हतं. नाकातून सुटलेलं, रुमालाआड धरलेलं, सुसंस्कृत हसू. बायकाही हसल्या. आणि दादा हसले. कारखान्यात साहेबाच्या विनोदावर हसावं तसं, दात न दाखवता. विनोद आपल्या पणजीच्या आजीवर झाला आहे, हे त्यांना कळलं होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

कुणीतरी नवी नळी आणून दिली. दादांनी ती घेतली. झाकण उघडलं. ओठांशी धरली.

सगळं सभागृह एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांचे गाल आत ओढले जात होते. गळ्याची घाटी वरखाली होत होती. जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा बारीक आवाज माइकमधून येत होता. काही येत नव्हतं. ते नळी खाली घेत, पुन्हा वर नेत. “येईल, येईल,” ते नानांना म्हणाले. दिलगिरीच्या सुरात.

मला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फार थकायला झालं. त्या क्षणी मला ती बाई दिसली, जिच्यावर लोक हसले होते. तिला चेहरा नव्हता. तिचं नाव आमच्या घरातही कुणाला ठाऊक नाही. ती राजी होती की नव्हती, की तिला कुणी विचारलंच नव्हतं, की अशी कुणी नव्हतीच. पडद्यावरच्या दोन रेषांत ती कुठेच नव्हती. तिथे फक्त पुरुष पुरुषापासून जन्मला होता. फक्त हसण्यापुरती ती सभागृहात आली होती.

मी उठले. पायऱ्या चढले. दादांच्या हातातून नळी काढून घेतली. तिचा काठ त्यांच्या ओठांनी गरम झाला होता. झाकण लावून ती नानांच्या पुढ्यात, नारळाशेजारी ठेवली. रिकामी.

“निनाद,” मी म्हटलं, “दोन घरांचा पुरुष एक होता, एवढं या चाचणीत कळतं. तो कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला, ते कळतं का?”

“नाही,” तो खाली बघत म्हणाला. “डायरेक्शन नाही कळत.”

“मग नाना, आमच्यातला कुणी तुमच्या घरातल्या बाईकडे आला नसेल कशावरून?”

रुमाल खाली आले. पंखे ऐकू येऊ लागले. मला त्या शांततेचं सुख झालं नाही. त्यांच्या बाईचं नावही तिथे कुणाला ठाऊक नसणार, हे माझ्या लक्षात आलं. तिच्यावर हसायला मी वर चढले नव्हते.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अतिशय मऊ आवाजात विचारलं, “आपण कुठल्या म्हणालात?”

जन्मभराचं उत्तर जिभेवर तयार होतं. गुळगुळीत, वापरून झिजलेलं. मी ते गिळलं. गिळलेलं ते शेवटचं.

“महारवाड्यातल्या,” मी म्हटलं. “सोलापूर रस्त्यावरच्या एका गावाच्या महारवाड्यातल्या. तिथून पुण्याला आलो. चला, दादा.”

बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. दादा सावकाश चालत होते. बसथांब्याशी आल्यावर म्हणाले, “माइकवर सांगायला नको होतंस.”

“तुम्हीच आधी सांगितलंत.”

“मला देव विचारला त्यांनी. खोटा कसा सांगू?”

मग बराच वेळ गेला. बस आली नाही. “शाल बरी होती,” दादा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भर रस्त्यात रडले असते.

नंतर निनादची मेल आली. त्याने माफी मागितली होती, आणि ती खरी होती. मंडळ मोठ्या मनाने तयार झालं आहे, त्याने लिहिलं. कुलवृत्तान्ताच्या शेवटी ‘संलग्न शाखा’ म्हणून आमचं घर घेतील. पुरुषांची नावं पाठवायची. आणि खात्रीसाठी एकदाच, फक्त एकदाच, पुन्हा नमुना.

मी दादांना वाचून दाखवलं. ते चष्म्याच्या काड्या मिटत-उघडत बसले. आई म्हणाली, “द्या की. आता दोरीबी पाठवतील.” दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आधीचा नमुनाही टाकून द्या म्हणावं,” ते म्हणाले. “आपण कुणाची शाखा नाही.”

मी तेवढंच लिहून पाठवलं. पत्राचा विषय लिहिताना माझ्याच कामातला शब्द वापरला. रद्द करा.

थकवा गेलेला नाही. परवा ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी नवे साहेब आले. आडनाव वाचलं, हसले, आवाज मऊ केला. “कुठल्या तुम्ही?”

मी सांगितलं.

“नाही, नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं,” ते घाईघाईने म्हणाले.

“मग विचारलंत कशाला?”

ते कप न घेताच गेले.

हे असंच होणार. कप राहतील, शाली मिटतील, हात सुटतील. पण ते दार मी आता लोटून धरत नाही. आडनाव मागाहून सांगते, आधी महारवाडा सांगते. ज्याला माझ्यापर्यंत यायचं असेल, त्याने तिथून चालत यावं.