पडद्यामागचा डावरा

पडद्याच्या मागे बसून सिनेमा पाहण्यात काही कमीपणा आहे, हे कॉलेजात जाईपर्यंत मला माहीत नव्हतं.

पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम अजून सुरू होतं तेव्हा आम्ही मजुरांच्या कॅम्पात राहायचो. शनिवारी अंधार पडला की मैदानात दोन लाकडी बल्ल्यांना पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवत. पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, त्यांच्यामागे क्वार्टरवाल्यांच्या सतरंज्या. कॅम्पाचा रस्ता कापडाच्या पाठीमागून यायचा, म्हणून आम्ही तिथेच बसायचो. कुणी बसा म्हटलं नव्हतं आणि कुणी कधी उठवलंही नाही. कापड पातळ होतं, चित्र आरपार दिसायचं. पेटलेल्या पहिल्या भट्टीतली तापलेली मळी, म्हणजे लोखंडाचा वितळलेला गाळ, ओतली की आभाळ लाल व्हायचं आणि चित्र जरा वेळ फिकं पडायचं, एवढंच.

सुरुवातीची नावं आमच्याकडून उलटी दिसायची. ती मोठ्यानं वाचून दाखवणं माझं काम होतं, कारण आमच्या बाजूला वाचता येणारे फार नव्हते. मी उलटी अक्षरं भरभर वाचायचो आणि बाबा आजूबाजूच्या लोकांकडे पाहायचे.

बाबांना नायकाचं काही नव्हतं. त्यांचा जीव होता एका छोट्या कामं करणाऱ्या नटावर. तो दर सिनेमात वेगळाच माणूस व्हायचा. कधी सावकाराचा मुनीम, कधी मुलीच्या लग्नासाठी हात जोडत फिरणारा बाप, कधी हवालदार, कधी गावचा म्हातारा वैद्य. मिशी, चालणं, आवाज, सगळं बदलायचं. आम्ही चुकायचो, बाबा मात्र लगेच ओळखायचे, त्याच्या हातावरून. मुनीम डाव्या हातानं लिहायचा. हवालदार डाव्या हातानं सलाम ठोकायचा. वैद्य नाडी पाहायचा तीही डाव्या हातानं. बाबा माझ्या बरगडीत कोपर मारायचे, "पाह्य, आला आपला डावरा!"

बाबाही डावरेच. लहानपणी त्यांचा हात बांधून ठेवत. लग्नाच्या पंगतीत बायका तोंड फिरवत. इथे अवजड सामान वर चढवणाऱ्या खलाशांच्या टोळीत दोर ओढताना ते सगळ्यांच्या उलट बाजूला उभे राहत, तेव्हा जमादार ओरडायचा, "ए उलटे, इधर आ!" घरी आल्यावर बाबा म्हणायचे, "मले हासते. मंग तो एवढा मोठा नट, त्याले कावून नाही हासत?"

आईला वेगळंच दिसायचं. "या शिनिमातल्या बाया उजव्या खांद्यावर पदर घेते. मुंबईची रीत असन." आम्ही मान डोलवायचो. नायकही डाव्याच हातानं बंदूक धरत असणार, पण तिकडे कोण पाहतो?

दुर्गच्या कॉलेजात मी गेलो. आमच्या घरातून जाणारा पहिलाच. तिथे एकदा सरांनी प्रत्येकाला आवडत्या कलावंतावर बोलायला सांगितलं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आपल्या डावऱ्यावर बोल. अन् हाताचं सांगजो बरं, विसरू नको."

मी हिंदीतून बोललो. मुनीम कसा मान खाली घालून मालकाच्या सावलीत चालतो, तोच माणूस हवालदार झाला की छाती कशी पुढे येते, हे सांगत गेलो. वर्ग शांत झाला. सरांनी मान डोलावली. मला वाटलं, जमलं. मग मी म्हणालो, की सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हा नट डावखुरा आहे आणि त्यानं ते कधी लपवलं नाही.

"कौन, वो?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला. "वो तो दाएँ हाथ से लिखता है."

त्याच्या शेजारचा हसतच म्हणाला, "अरे, ये परदे के पीछे बैठता होगा! कॅम्पवाला है ना!"

सगळा वर्ग हसला. सरांनी तोंडावर रुमाल धरला. मी उभाच होतो. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि कळायला इतका उशीर लागला याचीच जास्त लाज वाटली. त्या दिवसापासून पोरं मला "पीछेवाला" म्हणू लागली.

घरी आलो तेव्हा बाबा दाराशी पाय धूत होते. "हाताचं सांगतलं का?"

"तो डावरा नाही," मी म्हणालो. आवाज चढलाच. "आपण पडद्यामागून, उलट्या बाजूनं पाहतो. म्हणून तसा दिसतो. सगळेच तसे दिसतात. सगळे हसले मला."

आई चुलीपाशी थांबली. बाबांनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी स्वतःचे ओले हात उलटेपालटे करून पाहिले.

"पन तू तं नावं वाचून राहिला होता," ते म्हणाले. "अक्षरं उलटी हाये हे तुले दिसत होतं. मंग तवाच कावून नाही सांगतलं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अक्षरं उलटी दिसतात तर माणूसही उलटा दिसणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शिकलेला म्हणून त्यांनी मला नावं वाचायला बसवलं होतं.

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, "बाबा, आज समोरून पाहू."

"तिकडं कोन ओळखीचं हाये?" ते म्हणाले आणि नेहमीच्या जागी पोतं अंथरलं.

नावं आली. मी वाचली, पण हळू आवाजात. त्या दिवशी तो पोस्टमन झाला होता. झोळीतून पत्र काढून त्यानं एका म्हातारीपुढे धरलं, डाव्या हातानं.

"आला न तुमचा," आई म्हणाली.

"हो, पाह्यलं," बाबा म्हणाले.

माझ्या बरगडीत कोपर आलं नाही. मी वाट पाहिली. मग मीच हळूच त्यांना कोपर मारलं. ते थोडे बाजूला सरकले. मला जागा कमी पडते आहे, असं त्यांना वाटलं असावं.