तुरेईची जीभ

वायापू नदीच्या खोऱ्यात तुरेई हाएरेवाला सगळे मुका तुरेई म्हणायचे. तो मुका नव्हता. इंग्रजी तर फाडफाड बोलायचा, आणि मेंढ्या कातरायच्या दिवसांत त्याच्या शिव्या पलीकडच्या टेकडीवर ऐकू जायच्या. पण आपल्या माणसांत बसला की आपल्या माओरी भाषेतला एक शब्द त्याच्या तोंडून फुटायचा नाही. समजायचं सगळं. म्हाताऱ्यांनी एखादा चावट विनोद केला की सगळ्यांत आधी तोच हसायचा. त्याच्याशी माओरीत बोलावं तर उत्तर इंग्रजीत यायचं, नाहीतर नुसती मान हलायची.

शाळेत घातला तेव्हा त्याला इंग्रजीचं अक्षरही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तो खिडकीजवळ बसला होता. बाहेर मास्तरांच्या घोड्याचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला होता आणि घोडा झटके देत होता. पोर ताडकन उभं राहिलं आणि घरच्या भाषेत ओरडलं, "मास्तर, तुमच्या घोड्याचा पाय तुटतोय!"

प्रिंगल मास्तर गोरा, उंच, तसा शांत माणूस. त्याने टेबलाचा खण उघडला, चामड्याचा पट्टा काढला आणि तुरेईच्या दोन्ही तळहातांवर ओढला. मग त्याने बाहेर पाहिलं, धावत गेला, घोडा सोडवला आणि परत येऊन पाढे पुढे चालू केले. घोड्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरच्या भाषेसाठी पट्टा त्यानंतरही बसत राहिला. झोपेतून उठल्यावर, खेळताना, ठेच लागल्यावर जे तोंडात येतं ते येणारच. हळूहळू नुसता खण उघडल्याचा आवाज पुरेसा झाला. पुढे तोही लागेनासा झाला. घरचा शब्द जिभेवर यायच्या आधी तळहाताला घाम फुटायचा, आणि शब्द माघारी जायचा.

त्याच्या आईने, कातेरिनाने, सुजलेले हात पाहिले आणि ठरवून टाकलं. पोराशी घरातही इंग्रजीच बोलायचं. पण तिला इंग्रजी येत होतं किती? मीठ, चहा, ये, जा, गप्प. मायलेकाचं बोलणं तेवढ्यावर आलं. पूर्वी ती रात्री त्याच्या पाठीवर हात फिरवत वाडवडिलांच्या गोष्टी सांगायची. आता नुसता हात फिरायचा.

मोठा झाल्यावर तुरेई मेंढ्यांच्या मळ्यावर लागला आणि कुत्री शिकवण्यात त्याचं नाव झालं. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी घातली की डोंगराच्या पार माथ्यावरचं कुत्रं पोटावर बसायचं. चुलतभाऊ पेने त्याच मळ्यावर होता. त्याने एकदा विचारलं, "अरे, माझं कुत्रं मेंढीला चावतं. किती बडवलं, तरी सुधरत नाही."

"बडवू नकोस. एकदाच मार, पण चावायला तोंड उघडेल त्याच क्षणी. नंतरच्या माराने ते फक्त तुला घाबरतं. मेंढीला चावणं तसंच राहतं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"शाळेत शिकलो," तुरेई म्हणाला. पेने हसला. तुरेई हसला नाही.

कातेरिना गेली तेव्हा सभाघराच्या ओसरीवर तिला ठेवलं होतं. खोऱ्याबाहेरून पाहुणे आले. त्यांच्या वक्त्याने तिला निरोप दिला, आणि उत्तर द्यायला थोरला मुलगा उठला. काय बोलायचं ते तुरेईच्या डोक्यात तयार होतं. कुळाचं नाव, डोंगराचं नाव, आईचं नाव. त्याने तोंड उघडलं. पाहुणे वाट पाहत राहिले. ओसरीवरच्या बायका रडायच्या थांबल्या. तो तळहात पँटला पुसत उभा राहिला, आणि शेवटी पेनेने उठून त्याची वेळ निभावली.

नंतर स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता पेने म्हणाला, "कुत्र्यांना घालतोस तशी एक शिट्टी तरी घालायचीस. पाहुणे खाली बसले असते." सगळे हसले. तुरेईही हसला, आणि पुढे कुणाच्या मयताला गेला की मागे चुलीपाशीच थांबू लागला.

त्याला एकच मुलगी, अरिहिया. तिला त्याने आपली भाषा लागू दिली नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "तिचे हात चांगले राहू देत." अरिहिया वेलिंग्टनला गेली, नोकरी केली, आणि तिथे रात्रीच्या वर्गात पैसे भरून आपली भाषा शिकली. नवरा सोडून ती लेकीला घेऊन खोऱ्यात परतली, तेव्हा गावोगाव पोरांसाठी माओरी बालवाड्या निघत होत्या. तिने सभाघराच्या बाजूच्या खोलीत एक सुरू केली.

"पापा, तुम्ही या ना बसायला," ती म्हणाली. "बोलू नका हवं तर. पोरांना म्हातारं माणूस दिसू दे."

तो जायला लागला. पोरं त्याच्या मांडीवर चढायची. नात पानिया सगळ्यांत बडबडी. ती "कोरो, कोरो", म्हणजे आजोबा, करत दिवसभर त्याला आपल्या भाषेत काहीबाही सांगायची, आणि तो तिच्या केसांतून हात फिरवत ऐकायचा. त्या दिवसांत त्याचा चेहरा निवळला होता असं पाहणारे सांगतात.

एका सकाळी फाटकाशी सरकारी गाडी थांबली. शिक्षणखात्याचा कुणी साहेब बालवाडी पाहायला आला होता. उंच, गोरा, गळ्यात टाय. बिचारा कौतुकानेच आला होता. पानियाने त्याला दारात पाहिलं आणि खणखणीत माओरीत विचारलं, "हा कोण माणूस?"

तुरेईचा हात तिच्या तोंडावर पडला. पडला तो दाबूनच राहिला. पोरगी धडपडली, पाय झाडू लागली, तरी हात निघेना. अरिहियाने धावत येऊन तो ओढून काढला, तेव्हा पानियाचा ओठ दातावर फाटून रक्त येत होतं.

साहेब दारातच अवघडून उभा राहिला. अरिहिया लेकीला छातीशी धरून म्हणाली, "मला भाषा दिली नाहीत ती नाहीत. आता हिचंही तोंड बंद करताय?"

तुरेई आपल्या हाताकडे पाहत होता. रात्री जेवताना म्हणाला, "मी नाही केलं ते." आणि थोड्या वेळाने, "मी काही विचार केला नव्हता."

"तेच तर," अरिहिया म्हणाली.

तो पुन्हा बालवाडीत गेला नाही. त्या हिवाळ्यात त्याने एक काळं पिल्लू पाळलं, त्याचं नाव ठेवलं तोआ, आणि रोज त्याला घेऊन डोंगरावर जाऊ लागला. मळ्यावरचं काम सुटलं होतं, मेंढ्या दुसऱ्याच्या होत्या, तरी जायचा.

एकदा डबा विसरला म्हणून अरिहिया मागोमाग वर गेली. मानुकाच्या झुडपांपाशी पोचली तोच तिला माणसाचा आवाज ऐकू आला, आणि ती थबकली. कुणीतरी माओरीत बोलत होतं. वर्गात शिकलेली माओरी ती नव्हती, जुनी, खोऱ्यातली, नदीच्या दगडांवरून पाणी घसरत जावं तशी.

"डावीकडून, अरे डावीकडून. तुझ्या आईला डावं-उजवं कळत होतं, तू कुणावर गेलास? हळू. हां, आता बस. बस म्हटलं ना, सोन्या. किती ते शहाणं माझं लेकरू."

त्यातले काही शब्द तिने फक्त शब्दकोशात पाहिले होते. काही तिथेही नव्हते. आजी कातेरिना आठवायची ती चुलीपाशी गप्प बसलेली. ती बोलली असती तर अशी बोलली असती, हे अरिहियाला तिथे उभ्या उभ्या कळलं.

तोआने वास घेऊन मान वळवली. तुरेईने तिला पाहिलं, आणि वाक्य मध्येच तुटलं.

"थांबलात का, पापा? बोला ना."

"डबा आणलास? ठेव तिथे." इंग्रजीत.

"कुत्र्याशी बोलता. माझ्याशी एकदा बोला. शिवी द्या, चालेल."

त्याने प्रयत्न केला. तिला ते दिसत होतं. ओठ हलले, तळहात पँटवर घासू लागले. कुत्रं दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिलं.

"वारा वाढतोय," तो शेवटी म्हणाला. "पोरगी घरी एकटी असेल. जा खाली."

ती नंतरही जात राहिली. वाऱ्याच्या उलट्या अंगाने, झुडपांआडून, जमेल तितकं ऐकायला. पण कुत्रं शिकतं ते शिकतंच. काही दिवसांत तोआला समजलं, की ही बाई दिसली की धन्याचा आवाज बंद होतो आणि काम संपतं. मग ती खाली ओढ्यापाशी असतानाच त्याला चाहूल लागायची, आणि तो आपणहून पुढच्या पायांवर तोंड टेकून आडवा व्हायचा. ते पाहून तुरेईही गप्प व्हायचा. अरिहियाने जाणं सोडलं. निदान वर तरी बोलू दे, म्हणाली.

दोन हिवाळ्यांनी तो गेला. तोआला मळ्याच्या मुकादमाने नेलं. इंग्रजीत ओरडून, शिट्ट्या घालून पाहिलं. कुत्रं नुसतं तोंडाकडे बघायचं. ठोंब्या आहे म्हणून त्याने गोळी घातली, हे अरिहियाला फार उशिरा कळलं.

तुरेईला सभाघराच्या ओसरीवर ठेवलं होतं तेव्हा पेने बोलला. आपल्या भावाची जीभ लहानपणीच कापली गेली, असं म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या खोऱ्यात बायकांनाही उभं राहून बोलता येतं. अरिहिया उठली. तिच्या शिकवणीतल्या भाषेत, अडखळत, ती म्हणाली, "माझ्या बापाइतकी चांगली माओरी इथे एकालाही येत नाही. मी ऐकली आहे."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका आजीने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि कुरवाळत म्हणाली, "हो ग बाई, हो. रडून घे."