बेंबीतला दोरा

माझी ताई शर्टाच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. काज म्हणजे बटण घालायचं भोक. पट्टी ठेवायची, पाय दाबायचा, कडेनं शिवण फिरते, पातं पडतं, झालं काज. मी शाळा सोडल्यावर तिनंच मला तिथं चिकटवलं, शिवलेल्या शर्टांचे धागे कापायला. माझ्यासारखं वळवळं कार्टं दिवसभर स्टुलावर टिकलं, ते फक्त ती समोर दिसायची म्हणून.

ताई कधी कशाचा हट्ट करायची नाही. नोकरी आईनं ठरवली, लग्न मामानं. दाजी वाईट नाही, पण ट्रकवर. घरी आला की नुसता झोपायचा. अख्ख्या जन्मात ताईनं आपल्या मनानं एकच गोष्ट केली. लग्नाआधी एका रविवारी पार्लरमध्ये जाऊन बेंबी टोचून घेतली. छोटीशी रिंग, निळ्या खड्याची. मी हात धरायला गेले होते. ओरडले मीच जास्त.

कारखान्यात कळायचं ते कळलंच. बायकांना आयतं सापडलं.

“काय गं काजवाली, स्वतःलाच काज पाडलंस होय?”

“काज झालं, आता बटण कधी?”

ताई लाजून लाल. पण आतून खूश असायची, मला कळायचं.

मग ताईला दिवस गेले. “आलं गं आलं, बटण आलं!” म्हणत इस्त्रीवालीनं अख्खा हॉल डोक्यावर घेतला. तेव्हापासून बाळाचं नावच बटण. पोट वाढलं, बेंबी बाहेर आली, खरंच बटणासारखी. कातडं ताणलेलं, त्यात मशीनच्या टेबलाची कड नेमकी रिंगवर घासायची. लाल झालं, चिघळलं.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, “काढून टाक ती. बाळाला काही होत नाही, पण तुझं कातडं फाटेल.”

“भोक बुजेल का?”

“बुजलं तर बुजलं! बाळंतपण झालं की हवं तर परत टोच.”

ताईनं मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “परत कोण टोचू देणार आहे मला?”

मग तिनं काजवालीला सुचेल तेच केलं. भोक राहायला हवं तर दोरा लागतो, हे तिच्या हातातच बसलेलं. रिंग काढली, काजाचा नायलॉनचा दोरा ओवला आणि वर बारीक गाठ मारली.

“ताई, येडी आहेस का? शर्ट आहेस का तू?”

“गप गं. बटण बाहेर आलं की काढीन.”

दोऱ्यानं आणखी पू झाला. ताई कपडे बदलत होती तेव्हा आईनं बघितलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. “नाळेच्या जागी भोक? लेकराच्या तोंडचा घास तिथनं जातो, अक्कल गहाण टाकलीस का?” मी कात्रीनं दोरा कापला. नर्सनं मलम दिलं. जखम वाळली, खपली धरली, सगळं नीट झालं.

आणि मग बटण हलायचं थांबलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. खाटेवर ताईशेजारी बसल्या. म्हणाल्या, “नाळेला गाठ पडली होती. बाळ आत फिरतं ना, तेव्हा कधीकधी पडते. त्यात कुणाचाच दोष नसतो.”

मी सगळं ऐकलं. ताईनं गाठ एवढंच ऐकलं.

“मीच मारली होती,” ती म्हणाली. “दुहेरी.”

डॉक्टरीणबाईंना कळेना. मी दोऱ्याचं सांगितलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईची बेंबी वेगळी, बाळाची नाळ वेगळी, मध्ये रस्ताच नाही. ताईनं मान हलवली. ती सगळ्यांनाच मान हलवते. बाहेर बाकावर आई रडत होती आणि रडतारडता म्हणत होती, “मी सांगत होते, मी सांगत होते.” मी म्हटलं, “आई, गप. ताई ऐकतेय.” गप्प बसली नाही. दाजी आला, ताईचे पाय धरून बसला. मग ट्रकवर गेला.

ताई कामावर परत आली, पण काजाच्या मशीनवर तिचा पाय खाली जाईना. आता माझ्याशेजारी बसून धागे कापते. गाठ कशालाच मारत नाही. बुटाच्या लेस बुटात कोंबते. एप्रनच्या नाड्या तशाच लोंबत ठेवते. रोज सकाळी मी त्या मागून बांधते, आणि माझं होईपर्यंत ती श्वास रोखून उभी असते.

“ताई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“माझा दोष नाही म्हणाल्या.”

धडा पाठ केल्यासारखं म्हणते. पाठ केलेलं म्हणजे काय ते मला विचारा. असलं पाठ करूनच नापास झाले मी.

परवा इस्त्रीवाली एका नव्या पोरीला कुजबुजत सांगत होती, “हीच ती. बेंबीत दोरा घातला आणि पोर घालवलं.”

माझं डोकंच फिरलं. स्टूल उडवून मी उठले, हातात कात्री तशीच. “परत तोंड उघडलंस ना, तर माझ्याशी गाठ आहे!”

इस्त्रीवाली माझ्या मागे बघायला लागली. मी मागे बघितलं. ताई उभी होती. तिचे दोन्ही हात एप्रनखाली बेंबीपाशी होते, आणि बोटं घाईघाईनं काहीतरी सोडवत होती.